शेवटची ओळ
दाताच्या दवाखान्यातून जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली मी एक ठरलेली ओळ छापते: ‘लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू’. ती कुणी वाचत असेल असं वाटलंच नव्हतं. एके दिवशी कवळीचं माप द्यायला एक आजोबा तासभर आधीच हजर! कडक इस्त्रीचा सदरा, हातात पत्र, त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ. म्हणाले, “शेजारच्या मास्तरीणबाईंनी अर्थ सांगितला. तुम्ही माझ्या वाटेकडे डोळे लावून बसलाय. म्हटलं, ताटकळत कशाला ठेवायचं? ही गेल्यापासून आमची वाट बघतंय कोण!” कंपाउंडर फिसकन हसला. “अहो आजोबा, ते तर आम्ही सगळ्यांनाच...” टेबलाखालून मी त्याच्या पायावर पाय दिला. “सकाळपासून वाट बघतेय, आजोबा. बसा.” पुढच्या खेपेच्या पत्रात ती ओळ मी हाताने लिहिली. त्यांची वेळ दहाची होती. नऊपासूनच दार वाजलं की माझीच मान वर.