मागच्या सीटचं वजन

बायको चंपा गेल्याचा निरोप खालच्या वाण्याच्या फोनवर आला तेव्हा गुणाजी अंघोळीपुरता इस्पितळातून घरी आला होता. भिंतीवर दोन विमानांचे नकाशे चिकटवलेले होते. एक एकट्याचं, एक दोघांचं. घरी बांधायची विमानं. कुठलं बांधायचं ते ठरायचं होतं. तो अनवाणीच धावला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी विद्याधर आला. कारखान्यात दोघांचे लेथ शेजारशेजारचे. विमानासाठी कुर्ल्याच्या भंगारातलं मोटारीचं इंजिन दोघांनी मिळून हातगाडीवरून मुलुंडपर्यंत ढकलत आणलं होतं. तो बराच वेळ नकाशांकडे बघत बसला. मग म्हणाला, इंजिन तसंही दुबळंच आहे. "एकट्याचं घे रे आता. दुसरी सीट कशाला?"

गुणाजीने फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि त्याच्यासमोर पालथा केला. स्टेशनवरच्या वजनाच्या काट्याची तिकिटं पडली. प्रत्येकामागे गुणाजीच्या अक्षरात तारीख.

"वाच."

विद्याधरने वाचलं. जानेवारी पंच्याऐंशी, बावन्न किलो. फेब्रुवारी, पन्नास. मार्च, सत्तेचाळीस. एप्रिल, चव्वेचाळीस.

त्या इंजिनावर मागच्या सीटला पंचेचाळीस किलोच चालणार होते. आणि चंपाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, मी बसणार, नाहीतर घरात लाकडाचा तुकडा आणायचा नाही. दर पगाराला गुणाजी तिला काट्यावर उभं करायचा. जेवण जात नाही म्हणाली, तेव्हा सीटसाठीच सोंग करतेय म्हणून हा हसला होता. चव्वेचाळीस भरले त्या दिवशी त्याने कारखान्यात पेढे वाटले.

"डॉक्टर विचारतो, वजन कधीपासून उतरतंय? मी सांगितलं. महिनावार, तोंडपाठ. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला."

"तुला काय माहीत, गुणा. कुणालाही कळलं नसतं."

"कुणालाही नसतं. मला आकडे माहीत होते." गुणाजीचा आवाज चढला. "मी मोजत होतो. आणि तू पेढे खाल्लेस. एक नाही, दोन खाल्लेस."

विद्याधर तिकिटं एकेक करून डब्यात भरू लागला. गुणाजीने डबा त्याच्या हातून हिसकावला.

मग उठून त्याने एकट्याच्या विमानाचा नकाशा भिंतीवरून ओढला. कोपरे फाटले. घडी घालून विद्याधरच्या खिशात कोंबला. "तू बांध. तुला एकट्याला लागेल तेव्हा."

विद्याधर गेल्यावर त्याने दोघांच्या विमानाचा परदेशी कंपनीचा मागणीचा फॉर्म समोर घेतला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, इंजिनाची माहिती लिहिली. पुढच्या सीटवरच्याचं वजन, अडुसष्ट.

खाली मागच्या सीटवरच्याचं वजन विचारलं होतं. तेवढं लिहायचं राहिलं आहे.