मेंढरू ओरडू नये

दिनांक ११ मार्च १९४३, सकाळी साडेनऊपर्यंत म्हसवडच्या बाजारनाक्यावर जमादारांनी बंदीहुकमानुसार तेवीस चाकू जप्त केले. तेविसावा आठ वर्षांच्या अंजनाचा होता.

“पोरीच्या हातात चाकू देता?” लंगडत येऊन त्यांनी तिच्या आजीला दरडावले.

“आवं, खुरातला काटा काढताना मेंढरू वरडलं न्हाई, तरच आमी पोरास्नी चाकू देतो,” हरणाबाई म्हणाल्या. “तुमच्या पायात बी काटा हाय जणू. बघा की परीक्षा घिऊन.”

जमादारांनी चाकू आणि पाय दोन्ही पुढे केले. सारा बाजार पाहत होता. त्यांनी रुमाल दातांत घट्ट धरला.

“न्हाई वरडलं,” असे म्हणत अंजनाने चाकू कमरेला खोवला.

सायंकाळच्या पंचनाम्यात जप्त चाकूंची संख्या बावीस होती.