तिसरी पुकार

लग्नाआधी तीन रविवार उपासनेत वधूवरांची नावं पुकारायची, ही ख्रिस्ती मंडळीची रीत. मांडवीच्या देवळात आज अलीशिबाची तिसरी पुकार होती. नवरा मंडणगडचा शाळामास्तर, बिजवर.

"या विवाहास कोणाची हरकत असल्यास आताच सांगावे," पाळकसाहेबांनी नेहमीसारखं वाचलं आणि चष्मा पुसायला घेतला. त्या प्रश्नाला आजवर कोणी उत्तर दिलं नव्हतं. पुढचं गीत धरायला पेटीवाल्यानं भाता ओढलासुद्धा.

बायकांच्या बाकांवरून अलीशिबा उठली. "माझी आहे."

पेटी थांबली. पलीकडे पुरुषांत बसलेला तिचा बाप ताडकन उभा राहिला. शेजारून आईनं तिचा पदर ओढला. "खाली बस गो."

"पोरी, हे मंडळीला विचारायचं असतं, नवरीला नाही," पाळकसाहेब समजुतीनं म्हणाले. "तुझं काय ते घरी सांगायचं होतंस."

"घरी कोणी विचारलंच नाही," अलीशिबा म्हणाली. "मला मिरजेला जाऊन नर्सिंग शिकायचंय. विचारलंत ते तुम्हीच. मागच्या दोन रविवारीही विचारलंत, पण तेव्हा उठायचा धीर झाला नाही."

पाळकसाहेबांनी तिच्या आईकडे पाहिलं. "बाई, तुम्ही तरी समजवा हिला."

आईनं हातातला पदर सोडला. नवऱ्याकडे न बघता ती लेकीशेजारी उभी राहिली.

"काय समजवू, साहेब? माझ्या पुकारीला माझीही हरकत होती. उठायचं तेवढं राहून गेलं."