उन्हातला स्वयंपाक

दाते साहेब एकटे आले नव्हते. त्यांच्या मागून गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोवाला आला आणि फोटोवाल्याच्या मागून चाळीतल्या अकरा बायका.

इंदुमती उंबऱ्यातच थिजली. अंगणात सोलर कुकरची पेटी मांडलेली होती. आरशाचं झाकण सूर्याकडे वळवलेलं, काचेखाली चार काळे डबे ओळीने लावलेले. चारही डब्यांत पाणी होतं. नुसतं पाणी.

"बधाई हो इंदुमतीताई!" हृषीकेश दाते म्हणाले. सोलरच्या योजनेत नुकताच लागलेला इंजिनिअर. नोकरीइतकाच उत्साहही कोरा करकरीत. "खुशखबर आणलीय. तुमचा कुकर महिनाभर इतका बढिया चालला, की वरून मंजुरी आली. आता चाळीत जी मागेल तिला कुकर, आणि तोही फुकट! फक्त यांना एकदा डोळ्यांनी बघू द्या, आणि एक फोटो होऊन जाऊ द्या."

मिल बंद पडून दुसरं वर्ष चाललं होतं. चाळीच्या भिंती अशा पातळ, की कुणाकडे स्टोव्ह पेटला आणि कुणाकडे नाही, हे चार घरं सोडूनही कळायचं. स्टोव्ह गप्प राहिला की संध्याकाळपर्यंत शेजारून वाटी यायची. यायची मायेनेच, पण वाटी रिकामी परत द्यायची नसते. मागे सखुबाईने कढी पाठवली, तेव्हा तिच्या वाटीतून घरातली उरलीसुरली साखर गेली. त्या साखरेसाठी इंदुमती रडली होती.

पुढच्याच आठवड्यात योजनेतला हा पहिला कुकर तिच्याकडे आला आणि तिला वाटलं, देव पावला. आवाज नाही की धूर नाही. सकाळी नऊला पेटी अंगणात मांडायची, तासातासाने आरसा फिरवायचा, दुपारी डबे पदराखाली झाकून आत न्यायचे. इंदुमतीकडे रोज साग्रसंगीत शिजतंय, हे अख्ख्या चाळीला दिसायचं. खरा स्वयंपाक रात्री, एकदाच. पोळ्या आणि मिरची.

"भोत नशीबवान आहेस गं," गयाबाई पेटीभोवती फिरत म्हणाली. "चार-चार डबे रोजचे!"

"आज काय केलंय ताई?" दात्यांनी विचारलं.

"वरण-भात." मग चार डबे आहेत हे तिच्या लक्षात आलं. "आणि बटाटे." अजून एक उरला होता. "आणि खीर."

"अरे वा! मग खिरीचाच फोटो घेऊ."

"आत्ता नका उघडू साहेब." ती झटकन पेटीसमोर येऊन उभी राहिली. "तुम्हीच सांगितलं होतं ना, मध्येच उघडलं की ऊन निघून जातं. कच्चं राहील सगळं."

"सव्वा वाजलाय ताई. खीर आता आटून बासुंदी झाली असेल." बायका हसल्या. "तिकडे विजय नगरचे बंगलेवाले वेटिंगमध्ये आहेत आणि तुम्ही काय लाजताय!"

इंदुमतीने त्यांचा हात धरला. लग्नाला अठरा वर्षं झालेल्या बाईने, सगळ्या चाळीच्या देखत, परक्या पुरुषाचा हात धरला.

"पाया पडते साहेब," ती इतक्या हळू बोलली, की ते त्यांनाच काय ते ऐकू गेलं.

त्यांना वाटलं, ताई संकोचताहेत. हसत हसत त्यांनी दुसऱ्या हाताने काच उचलली आणि रुमालात धरून पहिल्या डब्याचं झाकण काढलं.

भसकन वाफ आली. बायका पुढे वाकल्या. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच खाली घेतला. दात्यांनी दुसरा डबा उघडला, मग तिसरा. चौथ्याला त्यांनी हात लावला नाही.

इंदुमती खाली मान घालून उभी होती. आता संध्याकाळी वाट्या येणार. एक नाही, अकरा. त्यांतून परत धाडायला घरात मीठसुद्धा पुरायचं नाही, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

सखुबाई पुढे आली. पदराने धरून तिने एकेक झाकण जागच्या जागी बसवलं. काच खाली ओढली. आरसा जरासा सरकला होता, तो सरळ केला.

"माझं नाव लिहा साहेब."

"पण मावशी, यात तर नुसतं..."

"दिसलं ना मला. तुम्ही लिहा ना, भिया." मग ती इंदुमतीच्या जवळून जाताना पुटपुटली, "नुसतं पाणी उकळायलाही माझ्या स्टोव्हला घासलेट लागतं, बाई."

सखुबाईचा स्टोव्ह रोज दहाच्या ठोक्याला भरभरायचा. कित्येकदा इंदुमतीने भिंतीपलीकडून तो ऐकला होता आणि मनातल्या मनात तिचा हेवा केला होता. तिने पहिल्यांदाच मान वर करून सखुबाईकडे बघितलं.

"माझंही लिहा," गयाबाई म्हणाली. मग तिच्या मागची, मग कोपऱ्यावरची. नाव सांगताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एवढी मागणी दात्यांना आजवर कुठल्याच मोहल्ल्यात मिळाली नव्हती, तरी लिहिताना त्यांचं अक्षर बिघडत चाललं होतं.

शेवटचं नाव लिहून त्यांनी वही मिटली. तेवढ्यात गयाबाईने विचारलं,

"साहेब, याला कुलूप लागतं ना?"

दात्यांनी वर बघितलं. उत्तर ऐकायला अकराही जणी थांबल्या होत्या.