पिनेतला धागा

निजामी गेली तशी त्या काळची पदकं पेट्यांतून बाहेर येऊ लागली. लोहाऱ्याच्या बलभीम मास्तरांना ती जमवायचा भारी नाद. सास्तूरच्या ताहेराबींनी पहिल्या महायुद्धात निजामाच्या फौजेतून लढताना मेलेल्या नवऱ्याचं, पाशामियाँचं, पदक जपून ठेवलं होतं. मास्तरांनी भिंग लावून कडेवरची झिजलेली उर्दू अक्षरं वाचली आणि सांगून टाकलं, "हे पाशामियाँचं न्हाय. नाव दुसऱ्याचं हाय."

परक्याची वस्तू घरात कशाला, म्हणून म्हातारीनं ते मास्तरांच्या हातावर ठेवलं.

घरी चिंचेनं घासल्यावर अक्षरं उजळली. नाव पाशामियाँचंच होतं.

परत करायला हवं, हे मास्तरांना कळत होतं. पण पदक देखणं होतं. आज नेऊ, उद्या नेऊ करत उन्हाळा सरला. तेवढ्यात एक वेगळंच सुरू झालं. सकाळी डबी उघडावी, तर पदकाच्या पिनेत खाकी कापडाचा ताजा धागा अडकलेला. मास्तर तो उपटून टाकत. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा. घरात खाकी चिंधीसुद्धा नव्हती.

शेवटी मास्तर पदक घेऊन सास्तूरला गेले. चूक कबूल केली, धाग्यांचंही सांगितलं.

"पाशामियाँचा खाकी कोट हाय का घरात?" त्यांनी विचारलं.

"कोट अंगावरच होता. मिसर देशात वाळूत तसंच दफन केलं म्हणं. पदक मागनं टपालानं आलं. त्यांच्या छातीला कधी लागलंच न्हाय."

ताहेराबींनी पिनेतला आजचा धागा चाचपला. बोटांना बारीक वाळू लागली.

"आता ते कोटाला लावत होते, मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "अन् तुमी रोज काढून घेत होता."