ओट्याशी उभी

डोळ्यांचा दाब तपासून शुभदाताई दुपारी थकून घरी परतल्या. नवऱ्यापाठोपाठ आता त्यांनाही काचबिंदू निघाला होता.

शिरीषराव टीव्हीसमोर बसले होते. त्यांची कडेची नजर केव्हाच गेली होती. तिथली रिकामी जागा आता डोळ्यात बसवलेलं भिंग रोजच्या सवयीच्या चित्रांनी भरून काढत असे.

"सकाळपासून ओट्याशीच उभी आहेस," ते मायेनं म्हणाले. "जरा बस की गं."

शुभदाताई दारातच थबकल्या. ओट्याशी कुणीच नव्हतं.

मान वळवली की खरं दिसेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तिकडे मान वळवायची सवय शिरीषरावांना डोळे धड होते तेव्हाही नव्हती.

चपला काढून त्या ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. शिरीषरावांच्या चित्रात काहीच बदललं नाही.