रकाने मोडणारा

तिसऱ्यांदा रकाने मोडले, तेव्हा कौसल्याबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"निशिगंधा, कोन मोडून राह्यलं वं हे? मी आकड्याखाली आकडा लावते, सेव्ह करते, अन् डोळ्यांदेखत सारं गोळा होऊन जाते."

निशिगंधा खुर्चीतूनच म्हणाली, "कोनी नाही मॅडम. फॉर्मॅटर हाय तो. कोनी कसाही कोड लिवो, तो सगळ्यायचा एकसारखा करते. जास्तीची जागा दिसली का खाऊन टाकते."

"अन् याले तू नीटनेटकं म्हन्ते?"

पडद्यावर दोनशे बारा गावं होती. गावाचं नाव, आणि पुढे त्या गावच्या चार सापळ्यांत काल रात्री सापडलेले बोंडअळीचे पतंग. आकडे थेट प्रोग्रामच्या फायलीतच भरायचे, ही यवतमाळच्या त्या दोन टेबलांच्या ऑफिसची जुगाडू पद्धत. बाजाराच्या दिवशी काळीपिवळी जीपमध्ये माणसं बसावीत तसे आकडे एकमेकांच्या मांडीवर बसले होते. मुकुटबनचे कुठे संपतात आणि मारेगावचे कुठे सुरू होतात, ते शोधावं लागत होतं. चार वाजता प्रोग्राम त्यांची बेरीज करणार होता. ज्या गावची बेरीज बत्तीसच्या वर, तिथल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर निरोप जायचा: आज फवारणी करा.

सव्वातीन झाले होते.

"आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमंधी असा तक्ता टाइप केला असता कोनी, तं मी मशीनवरून उठवला असता."

"मलेच उठवलं होतं तुमी. दोनदा."

"बरोबरच केलं होतं. बंद कर त्या फॉर्मॅटरले."

"नाही करता येत. नागपूरच्या सरायनं नियम देल्ला. एखाद्या फायलीले सूट देल्ली का काम परत पाठवते. अन् मी अजून नोकरीत पक्की नाही झाली, मॅडम."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि चौथ्यांदा सुरुवात केली. सव्वीस वर्षं टायपिंग शिकवलेला अंगठा जागा सोडत चालला. टक, टक, टक.

"आता काय करून राह्यल्या?"

"सेव्ह नाही करत. नुसतं पाह्यते."

दोनशे बारा गावं रांगेला लागली. एकं एकंखाली, दहं दहंखाली. मग बाईंनी पडद्यावर बोट टेकवलं आणि एकेका रकान्यावरून वरून खाली आणलं.

"काचीवर बोट नका फिरवू वो मॅडम, डाग पडते."

"पुसून देईन."

बोट थांबलं. बोरी अरब, दुसरा सापळा. बाकी सगळे आकडे आपापल्या रेषेत होते. हा एकटा उंबऱ्याबाहेर पाय काढून बसला होता. तीनशे तेहतीस.

निशिगंधा उठून आली. गावावरून आलेला कागद टेबलावरच होता. दोन, तीन, एक, चार.

"तीन हाय," बाई म्हणाल्या. मग काही वेळ त्या आपल्या मधल्या बोटाकडे पाहत राहिल्या. "माह्याच हातची चूक. टाइपरायटरवर बटन कितीही दाबून धरा, अक्षर एकच उमटे. हे आपलं धरलं का छापतच जाते."

निशिगंधाचे वडील बोरी अरबलाच शेती करत. मागच्या वर्षी फवारणी केल्यावर ते आठ दिवस दवाखान्यात होते. डोळे उघडत नव्हते. तेव्हा बाईच डबा घेऊन जात.

"बाबा कोनाचं ऐकत नाही मॅडम," ती म्हणाली. "मेसेज आला का निघालेच वावरात. कोनी थांब म्हन्लं तं म्हन्ते, माह्या पोरीच्या मशीननं सांगतलं."

"अन् तुह्या फॉर्मॅटरले हे दिसलं नाही?"

"त्याले आकडा नाही कळत. तो नुसती जागा पाह्यते."

बाईंनी तिनाचे जास्तीचे दोन आकडे खोडले. निशिगंधाने कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि तक्त्याच्या डोक्यावर फॉर्मॅटरला समजणाऱ्या भाषेत एक ओळ लिहिली: इथून खाली हात लावू नको. सेव्ह केलं.

रकाने जागचे हलले नाहीत. बाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी स्वतः आणखी एकदा सेव्ह करून पाहिलं.

"नागपूरवाले बोलतीन नं तुले?"

"बोलतीन."

"माह्यं नाव सांग."

"तुमचंच सांगते. आनखी कोनाचं सांगू?"

चार वाजले. अकरा गावांना निरोप गेले. बोरी अरब त्यांत नव्हतं.

दहा मिनिटांनी निशिगंधाचा फोन वाजला. तिचे हात कीबोर्डवर होते, म्हणून तिने स्पीकर लावला.

"पोरी, मशीन बिघडलं का तुह्यं?"

"नाही बाबा. काहून?"

"आज मेसेज नाही आला."

"आज नाही येनार. आपल्या गावची बेरीज दहाच हाय."

"बाजूवाल्यानं तं सकाळीच फवारलं."

"फवारू द्या त्याले. तुमी नका फवारू."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता.

"अवं, मी तं पंप पाठीवर घेऊन उभा हाय."

"उतरवा, बाबा."

बाई टाइप करायच्या थांबल्या. पट्ट्याची कडी सुटल्याचा आवाज आला, मग दुसरीचा. मग भरलेला पंप जमिनीला टेकला, तो दोघींनी ऐकला.